डॉटबाब आणि शेवटचा एम

समोरच्या घरात बारसं होतं. पाळणा सजला होता, बायका जमल्या होत्या आणि आत्या बाळाच्या कानाशी वाकली होती. तिने कुर्रर्र केलं, पाठीवर धपाटे खाल्ले, ताठ उभी राहिली आणि नाव जाहीर केलं, "ईशान!" आम्ही "वा, गोड नाव" म्हणायला तोंड उघडतोय तोच दारातून खणखणीत आवाज आला.

"डॉट इन रिकामा आसा काय ता बघलात?"

दारात डॉटबाब उभे. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाशी. एका बोटाने टकटक करून त्यांनी निकालही देऊन टाकला, "गेला! आधीच कोणी तरी घेतला. आता ह्या चेड्यान मोठा होवन करूचा काय?" आत्याचा चेहरा पडला. बाळाच्या आजीने शहाणपणाने त्यांच्या हातात शिऱ्याची बशी दिली, कारण तोंड भरलं की डॉटबाब बोलत नाहीत हे आमच्या गावाला ठाऊक आहे.

आमचा गाव शेरखणें, तालुका पेडणे. मी मूळची डिचोलीची, लग्न करून इथे आले आणि गावच्याच प्राथमिक शाळेत शिकवते. आम्ही डिचोलीकर एक गोष्ट एकदाच सांगतो. पेडणेकर तीच गोष्ट तीनदा सांगतात, आणि डॉटबाब ती ईमेलनेही पाठवतात. त्यांचं घर आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून. त्यांचं जनेल आणि माझ्या स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातलं माझ्या कानावर न पडलेलं असं फारसं काही नाही. ऐकायची हौस नाही हो मला. पण माणूस टाइप करतानासुद्धा मोठ्याने बोलत असेल तर मी काय कानांत बोळे घालून भाकऱ्या थापू?

खरं नाव यशवंत. धंद्याने पेंटर. रस्त्याकडेच्या गावांच्या पाट्या रंगवण्यात त्यांची उमर गेली. आमच्याकडे पाटीवर इंग्रजीत नाव लिहितात ते पोर्तुगिजांच्या वेळच्या स्पेलिंगने. 'शे'साठी एक्स, आणि शेवटी एक एम, जो कोणी उच्चारत नाही. चोपडें लिहा, नाही तर पेडणें लिहा, शेपटाला एम हवाच. दिल्लीकडचे पर्यटक गाडी थांबवून विचारतात, "भैया, ये झेरकोनेम किधर है?" पोरं हसून लोळतात. डॉटबाब मात्र छाती काढून सांगतात, "हंयच! तुम्ही पावलात!"

"तो एम म्हणजे काय समजलात, वयनी?" त्यांनी मला लग्न होऊन आल्या आल्याच शिकवलं होतं. "तो आमचो अनुस्वार. बायलेच्या कपाळाक कुंकू, तसो गावाच्या नावाक एम. ह्या तालुक्यातले अर्धे एम माझ्या हातचे आसत."

"आणि कुंकू लावलं नाही तर?" मी विचारलं.

"तर गाव गोव्यातलो वाटना ना," ते म्हणाले. मुद्दा संपला.

हातात ब्रश धरवेना, तेव्हा इंग्लंडमधल्या मुलाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला. बायको, आमची लक्ष्मीवहिनी, त्याआधीच गेली होती. मुलाचा फोन रविवारी येतो. "जेवलात? औषध घेतलं? बरं, ठेवतो." बाकीच्या वारी कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर त्यांना कळलं की नावांच्या पाट्या तिथेही असतात, आणि माणूस जो खुळावला तो खुळावलाच.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंटरनेटवर आपल्या नावाची पाटी लावायची तर ते नाव आधी नोंदवावं लागतं. दरवर्षी पैसे भरायचे, नाव आपलं राहतं. भरायला चुकलात की काही दिवस तुमची वाट बघतात आणि मग नाव सगळ्या जगाला मोकळं. एका नावाची पाटी एकालाच मिळते. मागणारे दोघे असले तर? जो आधी आला त्याचं. एवढाच नियम आहे, पण त्याने माझ्या शेजाऱ्याची झोप उडवली.

गंमत अशी की सुरुवातीला दोन्ही पाट्या रिकाम्या होत्या. एक सोपी, लोक बोलतात तशी, एसएचने सुरू होणारी. दुसरी एक्सने सुरू होऊन एमवर संपणारी, सरकारी पाटीवरची. मुलगा फोनवर ओरडत होता, "पप्पा, एसएचवाली घ्या! लोक तीच टाइप करतात!" पण ज्याने जन्मभर एम रंगवले तो एम कसा सोडेल? त्यांनी ऐटीत एक्स-एमवाली घेतली, तिच्यावर देवळाचा फोटो आणि उत्सवांचं वेळापत्रक लावलं, आणि गावभर सांगत सुटले. ती पाटी कोणालाही कधीही सापडली नाही. मला स्वतःला सापडायची नाही, आणि मी त्यांची शेजारीण.

मग ती रामनवमी आली.

फोंड्याहून कीर्तनकार बुवा यायचे होते. देवळात पाळणा बांधला, मुलांना मी पिवळे कपडे घालून बसवलं, सूर्य डोक्यावर आला तरी बुवांचा पत्ता नाही. आमच्या ह्यांनी फोन लावला. पलीकडून बुवा आनंदाने म्हणाले, "मी केव्हाचा पोहोचलोय! इथे मंडळी जमलीसुद्धा. फार प्रेमळ लोक हो तुमचे!" बुवा पोहोचले होते, पण तेरेखोल नदीच्या पलतडी, सिंधुदुर्गातल्या शेरखणे गावात. हो, तिकडेही एक शेरखणे आहे, अनुस्वार नसलेलं. बुवांच्या ड्रायव्हरने मोबाईलवर एसएच टाइप केलं, ती पाटी तोवर पलतडच्या कोणी घेतली होती, तिच्यावर जो नकाशा उघडला त्यावरून गाडी हाकली. तिथल्या लोकांचे ठरलेले बुवा आजारी पडले होते. दारात आयता बुवा उतरलेला बघून त्यांना देवच पावला. ते कशाला सोडतात?

इकडे पाळण्याची दोरी हातात धरून बायकांचे हात अवघडले. शेवटी डॉटबाबांनी चिपळ्या घेतल्या आणि उभे राहिले. सुरुवात बरी केली, पण थोड्याच वेळात अयोध्येच्या वेशीवर पाटी होती का आणि तिचं स्पेलिंग काय असेल, यावर आले. देवाचा जन्म त्या वर्षी उन्हं कलल्यावर झाला.

त्याच संध्याकाळी त्यांनी एसएचवाल्या पाटीच्या मालकाला पहिली ईमेल लिहिली. आता तक्रारीचं पत्र कसं लिहितात? महोदय, सविनय वगैरे. डॉटबाबांना तक्रार एकाच तऱ्हेने करता येते, देवळात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, घालतो तशी. त्यांनी गाऱ्हाणं घातलं. खिडकीतून मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बा देवा म्हाराजा, पलतडच्या कोणी माणसान आमच्या गावाचा नाव एसएच लावन आपल्या दारार टांगल्यान आसा, तेका बरी बुद्धी दी, आणि आमचा नाव आमका परत हाडून दी रे म्हाराजा!"

देवळात गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. इथे म्हणणारं कोण? थोडं थांबून त्यांनी स्वतःच म्हटलं, "व्हय म्हाराजा," आणि तेही टाइप केलं.

पाटीचे मालक निघाले गुरुनाथ परब, एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. स्टँडवर माईक धरून गाड्या पुकारण्यात त्यांचा जन्म गेलेला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. डॉटबाबांनी मला जनेलातून हाक मारून वाचून दाखवलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सदर जागा रांगेत प्रथम आलेल्यास मिळालेली आहे. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यास या स्टँडवर सक्त मनाई आहे. रुमाल टाकणाऱ्यास दंड करण्यात येईल."

"रुमाल?" डॉटबाब लालबुंद झाले. "माका रुमाल टाकपी म्हणता? माका?"

तिथून जे युद्ध सुरू झालं ते वर्षानुवर्षं चाललं. डॉटबाबांचं म्हणणं, गावाचं नाव म्हणजे सगळ्या गावकऱ्यांची सामाईक जमीन. कोणी आधी येऊन कुंपण घातलं म्हणून ती त्याची होते काय? परबांचं म्हणणं, आमचा गावही शेरखणेच, आमच्याकडेही गावकर आहेत. एकाच सीटवर दोघांचा हक्क असेल तर कंट्रोलरने रांग सोडून दुसरं काय बघायचं? चेहरा? या वादापायी डॉटबाबांनी माझ्या हातचं सुंगटांचं हुमणही, कोळंबीची आमटी हो, अर्धं टाकलं, तेव्हा मी काळजीतच पडले.

मग त्यांनी दिल्लीला, अशा भांडणांचा निवाडा करणाऱ्या कचेरीत अर्ज करायचं ठरवलं. इंग्रजी माझ्या गळ्यात. मी म्हटलं, "गाऱ्हाणं काढा, मुद्दे लिहा." ऐकतील तर शपथ! गाऱ्हाणं जसंच्या तसं हवं. आता 'व्हय म्हाराजा'चं इंग्रजी काय करणार? मी प्रत्येक वाक्याखाली 'येस, युअर मॅजेस्टी' लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं. दिल्लीच्या माणसांनी डोक्याला हात लावला असणार, पण निकाल सभ्य दिला. दोन्ही गाव खरे आहेत, परबांनी वाईट हेतूने काही केलेलं नाही, ते आधी आले, सबब नाव त्यांचं.

डॉटबाबांनी निकाल माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. म्हणाले, "न्याय बरोबर आसा. पण बरो ना."

मला वाटलं, संपलं एकदाचं. कसलं संपतंय! परबांनी निकालाच्या दिवशीच लिहिलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. हरलेल्या प्रवाशाचे अभिनंदन. अर्ज वाचून फार हसलो." याला उत्तर नको? उत्तराला उत्तर नको? हळूहळू ईमेलींत एसएच कमी आणि बाकीचं जास्त होऊ लागलं. तिकडचा आंबा, इकडचा काजू, परबांचा गुडघा, डॉटबाबांचा दमा. "गुडघ्याक निगडीचो पालो शेकून लावा," डॉटबाब मोठ्याने म्हणत टाइप करायचे, आणि लगेच खाली, "याचो अर्थ मी नावावरचो हक्क सोडलो असो न्हय."

सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल वाजली की ते दोन उंडे घेत आणि थेट कदेल ओढून कॉम्प्युटरसमोर बसत. परबांची ईमेल आली असली की जनेलातून "बघलात ह्या माणसाक!" अशी आरोळी. आली नसली की चहाचा कप बराच वेळ तसाच. दोन गावांत गाडीने तासाभराचं अंतर, पण कधी भेटले नाहीत. डॉटबाब म्हणत, चूक तुमची, आधी तुम्ही या. परब म्हणत, गाडी फलाटावर येते, फलाट गाडीकडे जात नाही.

गेल्या वर्षी एक पांढरी मोठी गाडी त्यांच्या दारात उभी राहिली. आमच्या डोंगरावर बंगले बांधून विकायचे म्हणून एक माणूस आला होता. त्याला गावाच्या नावाची पाटी हवी होती. एक्स-एमवाली बघून त्याने नाक मुरडलं. "ती छोटी, सोपी आहे ना, ती हवी. आज ना उद्या तिची मुदत चुकेल. आमची माणसं नजर ठेवून आहेत."

"पण तुम्ही शेरखणेंचे न्हय आणि शेरखणेचेय न्हय," डॉटबाब म्हणाले.

"रिकामं नाव कोणाचंही असतं, काका."

डॉटबाबांनी त्याला बसायला कदेल दिलं, पण चहा विचारला नाही. आमच्याकडे एवढं पुरतं. तो गेल्यावर ते बराच वेळ अंगणात उभे होते. "रिकामा आसा काय" हे त्यांचंच वाक्य, त्या माणसाच्या तोंडून ऐकून त्यांना कसंतरीच झालं असावं.

आणि काही महिन्यांनी परबांच्या ईमेली थांबल्या. मागोमाग एसएचवाली पाटी उघडेना. मुदत संपली होती. गावात बातमी फुटली, पोरं येऊन नाचली, "डॉटबाब, आता पार्टी!" आमचे हेसुद्धा म्हणाले, "एवढी वर्षं थांबले, शेवटी मिळालं बघ." मी जनेलातून डोकावले. डॉटबाब कदेलावर बसून होते. तोंडावर आनंदाचा टिपूस नाही.

"वयनी, कंट्रोलर माणूस तो. तो वेळ चुकना ना," ते म्हणाले. "काय तरी झाला आसा. माका थंय व्हर."

आम्ही तिघं निघालो. पलतडच्या शेरखण्यात घर शोधायला त्रास पडला नाही, एसटीचे परब म्हटल्यावर बारकं पोरही दाखवतं. ओसरीवर आरामखुर्चीत एक उंच, वाळका माणूस बसला होता. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. अर्धांगाचा झटका. ज्या माणसाने जन्मभर माईकवर गाड्या पुकारल्या त्याची वाचा गेली होती.

डॉटबाब त्यांच्यासमोर उभे राहिले. वर्षानुवर्षं पानंच्या पानं लिहिणारा माणूस, पण दोनच शब्द बोलला. "मी... एक्सवालो."

परबांचे डोळे मोठे झाले. तोंडाची चांगली बाजू हलली, घशातून घरघर आली, खांदे गदगदले. ते हसत होते. दोघंही हसत होते, आणि मी व परबांची मुलगी पदर डोळ्यांना लावून उभ्या.

ती कुडाळहून त्यांच्याकडे राहायला आली होती. चहा देताना म्हणाली, "काका, बाबा तुमच्याबद्दल नेहमी सांगायचे. 'माझो गोंयकार भांडखोर' म्हणायचे. त्या नावाचं मला काही कळत नाही, पासवर्ड बाबांनाच ठाऊक, आणि ते आता कसे सांगणार? तुम्हीच घ्या ते. तुम्हाला हवंच होतं ना?" परबांनी डोळे मिटून घेतले.

परतताना गाडीत मी आपलं बरं वाटावं म्हणून बोलले, "बघा, आपसूक मिळालं. आता एसएचपण तुमचं, एक्सपण तुमचं."

"वयनी, पुरो!" ते माझ्यावर असे खेकसले की आमच्या ह्यांनी गाडी हळू केली.

नाव मोकळं व्हायच्या दिवशी ते पहाटेपासून कॉम्प्युटरला चिकटले होते. तिकडे बंगलेवाल्यांची माणसंही बसलीच असणार. माझा जीव खालीवर होत होता. काय सांगू, निवडणुकीच्या निकालालाही मी इतकी घाबरत नाही. उंड्यांची पिशवी दाराला तशीच लटकत होती. आणि एकदम जनेलातून आरोळी आली, "घेतला! सायबा, घेतला!"

मी शिरा केला, बशी घेऊन धावले. आता आमच्या देवळाचा फोटो दिसणार, रामनवमीचे बुवा आमच्याकडे येणार म्हणून मोबाईलवर एसएच टाइप केलं. पाटी उघडली.

देऊळ नव्हतंच. एका रंगवलेल्या पत्र्याचा फोटो होता. कापऱ्या हाताने, पण अक्षर त्यांचंच. एसटीचं हिरवं आसन, त्यावर पसरलेला निळ्या काठाचा पांढरा रुमाल, आणि खाली लाल अक्षरांत: 'राखीव आसन. श्री. गुरुनाथ परब, वाहतूक नियंत्रक. ते येईसर कोणी बसू नये.' त्याखाली पलतडच्या शेरखण्याच्या बसच्या वेळा आणि आंबेवाल्यांचे पत्ते, परबांनी लावले होते तसेच. वर्षानुवर्षं बघून त्यांना ते सगळं पाठ होतं, आणि पुन्हा भरायला त्यांनी तयारच ठेवलं होतं.

"आणि आमचं गाव?" मी विचारलं.

"आमका आसा आमचो. एक्स आणि एम," ते म्हणाले. "हो सीट त्यांचो. मी नुसतो रुमाल टाकलो." मग शिरा खाऊ लागले. मी मात्र रडून घेतलं, लाज कसली?

चतुर्थीच्या आधी मी गणपतीवर फळं-सुपाऱ्या टांगतात त्या माटोळीचं सामान काढत होते, तेव्हा शेजारून कदेल सरकल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ डॉटबाबांचा. एकेक शब्द सुटा, वाचल्यासारखा. परबांना मुलीने डाव्या हाताने टाइप करायला शिकवलं होतं. ईमेल त्यांनी मला नंतर दाखवली. 'प्रवाशानि कृपया लकश दयावे. रुमाल टाकन्यास मनाइ आहे. दंड.' एवढंच. एका एमसाठी सगळ्या जगाशी भांडणारा माणूस, पण त्या ईमेलीतली एक चूक त्यांनी काढली नाही.

"दंड मारल्यान!" ते जनेलात येऊन ओरडत होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "वयनी, माका दंड मारल्यान!"

आणि लगेच उत्तराला बसले. मी हातातली सुपारीची शिंपुटं खाली ठेवली.

"बा देवा म्हाराजा," डॉटबाब टाइप करत होते, "पलतडच्या त्या कंट्रोलराक हात-पाय बरे दी, तोंडाक वाचा दी, आणि माझ्याशी भांडूक वर्साचे वर्स ताकद दी रे म्हाराजा!"

मग थांबले. पुढचं ते स्वतःच म्हणणार, नेहमीसारखं. मी खिडकीशी गेले आणि त्यांच्या आधी, असेल नसेल तेवढ्या आवाजात ओरडले,

"व्हय म्हाराजा!"